कोण कोणाच्या गोतातलं

पुष्याच्या पावसाला आपल्याकडे म्हातारा म्हणतात. पुनर्वसूचा तो तरणा आणि त्याच्या मागून येणारा हा म्हातारा. जुलैच्या २० तारखेच्या आसपास सूर्य पुष्यात शिरतो. लावण्या उरकत आलेल्या असतात आणि म्हातारा किती दिवस मुक्काम ठोकणार यावर गावोगाव बोलणी चालू असतात. पण ज्या नक्षत्राच्या नावावर हा पाऊस पडतो, ते त्या दिवसांत कोणालाच दिसत नाही. वर ढग, आणि ढग हटले तरी सूर्य त्याच्याच दारात उभा. पुष्य बघायचं तर माघ-फाल्गुनात. तेव्हा ते रात्री नऊ-दहाच्या सुमारास डोक्यावर येतं. नाशिककरांच्या तर जवळजवळ टाळूवरून जातं.

तेव्हासुद्धा नुसत्या डोळ्यांना फार काही गवसत नाही. अलीकडे पुनर्वसूचे दोन ठळक तारे, पलीकडे मघा, आणि मधली कर्क रास ओस. खेड्यातल्या काळोखात तिथे एक पुसट डाग जाणवतो. पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून तोही नाही. त्या ओसाड जागेवर दुर्बीण रोखावी. दोन्ही डोळ्यांची, साधी, लोक पक्षी बघायला नेतात ती. चिमटीतून रांगोळी निसटून फरशीवर सांडावी तसे तारे तिथे पसरलेले असतात. मधे एवढी दाटी आणि कडेला पुन्हा मोकळं, काळं आभाळ. हे बघितलं की पहिला प्रश्न मनात येतो तो माणसांच्या घोळक्याकडे बघताना येतो तोच. हे सगळे एकमेकांचे कोण?

मला तारकागुच्छांचं वेड लागलं ते या प्रश्नामुळे. ग्रह बघावेत, चंद्र बघावा, त्यांचं कौतुक मला आहेच. पण शनीच्या कड्यांकडे बघताना नाती शोधावीशी वाटत नाहीत. गुच्छांकडे बघताना वाटतात. आणि उत्तरं दर वेळी अपेक्षेप्रमाणे येत नाहीत, म्हणून तर वर्षानुवर्षं तेच तेच गुच्छ बघूनही पोट भरत नाही.

पुष्यातल्या त्या डागाचे पहिल्यांदा तारे झाले ते गॅलिलिओच्या डोळ्यांसमोर. ‘सिडेरियस नुन्सियस’ हे त्याचं छोटेखानी पुस्तक १६१० साली व्हेनिसला छापलं गेलं. त्यात त्याने या डागाच्या जागी चाळिसाहून अधिक तारे मोजल्याचं लिहिलं आहे. कृत्तिकांचंही चित्र त्यात आहे, ३६ ताऱ्यांचं. मला त्या चित्राबद्दल एका कारणाने फार आदर वाटतो. त्याच्या दुर्बिणीतून एका वेळी आभाळाचा जेमतेम पाव अंशाचा तुकडा दिसायचा, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राचा अर्धा व्यास. कृत्तिकांचा पसारा त्याच्या कितीतरी पट आहे. म्हणजे पूर्ण कृत्तिका त्याला एकदम कधी दिसल्याच नाहीत. एकेक तारा शोधून, शेजारच्या ताऱ्यापासूनचं अंतर डोळ्यांत धरून त्याने ते चित्र जुळवलं. आज बाजारात मिळणाऱ्या साध्या दहा बाय पन्नासच्या दुर्बिणीतून सहा-साडेसहा अंशांचं आभाळ एका नजरेत मावतं. कृत्तिका त्यात मधोमध बसतात आणि चहूबाजूंना भरपूर जागा उरते.

ही उरलेली जागाच महत्त्वाची. मोठ्या दुर्बिणीतून कृत्तिका बघितल्या तर चार-सहा तेजस्वी तारे दिसतात आणि गुच्छ हरवतो, कारण आपण त्याच्या आत जाऊन बसलेले असतो. घोळका घोळका म्हणून दिसायचा तर त्याच्या भोवतीचं अंगणही दिसायला हवं. म्हणून विस्तीर्ण गुच्छांसाठी मी दोन डोळ्यांच्या दुर्बिणीची बाजू हिरिरीने घेते. त्यात आभाळ उलटं दिसत नाही, डावं ते डावं आणि वर ते वर राहतं, आणि दोन्ही डोळे उघडे असल्यामुळे मेंदूला मंद ताऱ्यांची खात्री पटते.

ती हाताळण्याची एक रीत मात्र आहे, आणि ती कोणी नीट सांगत नाही. आधी उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला तारा टिंबाएवढा करून घ्यायचा. मग डावं भिंग झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नेत्रिकेवरची कडी फिरवायची. ताऱ्याच्या बाबतीत चुकीला जागा नसते. पक्षी किंचित अस्पष्ट चालतो, तारा चालत नाही. उभ्याने बघितलं तर हृदयाच्या ठोक्यासरशी अख्खा गुच्छ हलतो. आरामखुर्चीत रेलून कोपर हातांवर टेकवले की आभाळ शांत होतं. सतरंजीवर पडून बघणंही उत्तम, फक्त पहाटेकडे भिंगांवर दव धरतं ते फुंकरीने न पुसता मऊ कापडाने टिपावं. मोबाइल खिशातच असू द्यावा. काळोखाला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पडद्याच्या एका झळाळीने ती सगळी वाया जातात. आणि अगदी मंद काही बघायचं असेल तर थेट त्याच्यावर नजर न रोखता किंचित बाजूला बघावं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग अंधारात दुबळा आणि कडेचा जास्त जागा असतो.

चंद्र नसलेल्या रात्री हव्यात हे ओघानेच आलं. अवसेच्या रात्री बाहेर पडायचं नाही असं लहानपणी बजावलेल्या घरातली मी, आता पंचांगात आधी अवसच बघते. आईने सुरुवातीला कपाळाला आठ्या घातल्या. पुढे तीच विचारू लागली, या अवसेला कुठे?

आईचीच एक गोष्ट सांगते. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली त्यानंतरच्या पौष महिन्यात मी तिला गच्चीवर खुर्चीत बसवलं, शाल पांघरली आणि हातात दुर्बीण दिली. कृत्तिका तिने आधी पुष्कळदा बघितल्या होत्या. तिच्या आजोळी घड्याळ नव्हतं तेव्हा हिवाळ्यात कृत्तिका कुठे आल्या हे बघून पहाटेची कामं सुरू व्हायची. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “अगं, हे निळे आहेत की.”

“निळेच आहेत, आई.”

“मागे मला पांढरे दिसायचे.”

डोळ्याचं नैसर्गिक भिंग वयाबरोबर पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. ते काढून नवं भिंग बसवलं की निळा रंग परत येतो. कृत्तिकांतले ठळक तारे सूर्यापेक्षा कितीतरी तापलेले, निळसर पांढरे. तो निळेपणा आईला किती वर्षांनी दिसला कोण जाणे. तिने दुर्बीण खाली ठेवायला बराच वेळ लावला आणि मीही घाई केली नाही.

तिने बघितलेला प्रकाश कृत्तिकांमधून निघाला तेव्हा पैठणला एकनाथ महाराज होते. अंतर साधारण ४४० प्रकाशवर्षं. या अंतरावरूनही मधे वाद झाला होता. हिपार्कोस उपग्रहाच्या मोजणीत ते ३९० च्या आसपास निघालं, म्हणजे कृत्तिका आपल्याजवळ सरकल्या. ताऱ्यांच्या तेजाबद्दलचे सगळे आडाखे त्यामुळे डळमळले. रेडिओ दुर्बिणींनी आणि पुढे गाया उपग्रहाने पुन्हा मोजलं आणि जुना आकडाच खरा ठरला.

त्या एकत्र आहेत हे मात्र उपग्रहांच्या कितीतरी आधी एकाने कागदावर दाखवून दिलं होतं. जॉन मिशेल हा इंग्रज पाद्री. त्याने १७६७ साली असा हिशोब मांडला की, आभाळात तारे वाटेल तसे विखुरलेले असते तर कृत्तिकांतले सहा ठळक तारे केवळ योगायोगाने इतके जवळ दिसण्याची शक्यता किती? उत्तर आलं, जवळजवळ पाच लाखांत एक. म्हणजे हा योगायोग नव्हे, यांना काहीतरी बांधून ठेवतं आहे. आभाळातल्या नात्याचा शोध लावायला शक्यतेचं गणित वापरलेलं हे माझ्या माहितीतलं सर्वांत देखणं उदाहरण. आज त्या गुच्छात हजाराहून अधिक तारे मोजले गेले आहेत. सगळे एकाच ढगातून, दहा-बारा कोटी वर्षांपूर्वी जन्मलेले. फोटोंमध्ये कृत्तिकांभोवती जे निळं धुकं दिसतं ते मात्र त्यांचं नाही. जन्माच्या वेळचं उरलेलं असावं असं बराच काळ वाटत होतं. प्रत्यक्षात तो वाटेत भेटलेला परका धुळीचा ढग आहे, कृत्तिका त्यातून चालल्या आहेत.

महाभारताच्या वनपर्वात कृत्तिकांची कथा आहे. स्वाहेने सप्तर्षींच्या पत्नींची रूपं घेतली, सहा जणींची घेता आली, अरुंधतीचं काही घेता आलं नाही. संशयाने ऋषींनी त्या सहा जणींना टाकलं, त्यांनी कार्तिकेयाला आपला मानलं आणि आभाळात त्या कृत्तिका झाल्या. सप्तर्षी उत्तरेला आणि त्यांच्या बायका दूर, वृषभात. लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा मला त्या सहा जणींचं वाईट वाटायचं. आता दुर्बीण घेऊन बसते तेव्हा वाटतं, टाकलेल्या बायका एकमेकींना धरून आहेत आणि ऋषींचंच कुटुंब पांगलेलं आहे.

कारण सप्तर्षी हाही एक गुच्छच, विस्कटत गेलेला. खेड्यांत या ताऱ्यांना म्हातारीचं खाटलं म्हणतात. चार खुरांचं खाटलं आणि ते पळवायला आलेले तीन चोर. १८६९ साली रिचर्ड प्रॉक्टरच्या लक्षात आलं की या सातांपैकी पाच तारे एकाच दिशेने, एकाच गतीने चालले आहेत. पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ. पाचही आपल्यापासून ऐंशी प्रकाशवर्षांच्या आसपास. क्रतू आणि मरीची, म्हणजे दोन्ही टोकांचे, या गोतातले नाहीत. ते दूर आहेत आणि त्यांची वाटही वेगळी आहे. आणि अरुंधती? ती त्याच गोतातली, वसिष्ठाच्याच वाटेने चाललेली. लग्नात नवरा-नवरीला अरुंधती दाखवताना गुरुजींना हे माहीत असण्याचं कारण नाही, पण मला सांगावंसं वाटतं. दुर्बिणीत ही जोडी इतकी सुटी दिसते की पुढच्या लग्नात मंडपाबाहेर एक दुर्बीण ठेवावी असं मनात येतं.

हे पाच जण साधारण चाळीस-पन्नास कोटी वर्षांचे. एवढ्या काळात गुच्छ सैल होतो. आकाशगंगेतून फिरताना मोठमोठ्या वायुमेघांजवळून जावं लागतं, त्यांच्या ओढीने काही तारे निसटतात. आतल्या आत एकमेकांच्या ओढीनेही हलके तारे कडेला फेकले जातात. बाकीचं काम आकाशगंगेचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण करतं. म्हातारे गुच्छ म्हणूनच कमी. सप्तर्षींचा गुच्छ इतका विखुरला की आपण जवळजवळ त्याच्या मधे आहोत आणि त्याचे तारे आभाळभर शोधावे लागतात.

कृत्तिकांपासून दहा-बारा अंशांवर रोहिणी. वृषभाच्या तोंडावरचा तो इंग्रजी व्ही अक्षराचा आकार, प्राचीनांचा रोहिणीशकट. हा आपल्याला सर्वांत जवळचा म्हणावा असा गुच्छ, १५३ प्रकाशवर्षांवर, आणि दुर्बिणीच्या वर्तुळात जेमतेम मावणारा. आकाराच्या एका टोकाला लालसर, ठसठशीत रोहिणी. गुच्छाला नाव तिचं, गाडा तिचा, आणि ती मात्र त्यातली नाही. ती आपल्यापासून ६५ प्रकाशवर्षांवर, निम्म्याहूनही अलीकडे, वाटेत उभी आहे. दुर्बिणीत तिचा नारिंगी रंग गुच्छातल्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी भडक दिसतो.

मग गुच्छातले खरे कोण हे ठरलं कसं? लुईस बॉस या अमेरिकन खगोलज्ञाने १९०८ साली या ताऱ्यांच्या संथ गती नकाशावर मांडल्या आणि रेषा पुढे वाढवल्या. सगळ्या एका बिंदूकडे जाऊन मिळाल्या, मृगातल्या काक्षीच्या थोडं पूर्वेला. समांतर चाललेले आणि आपल्यापासून दूर जाणारे तारे असेच एका ठिकाणी मिळताना दिसतात. ज्यांची रेषा त्या बिंदूकडे वळते ते घरचे, बाकीचे पाहुणे. रोहिणीची रेषा तिथे जात नाही. या एका बिंदूवरून गुच्छाचं अंतर काढता आलं आणि त्या अंतरावर पाऊल ठेवून पुढे आकाशगंगेतली बरीच अंतरं काढली गेली.

रोहिणीगुच्छाचा आज दिसणारा प्रकाश तिथून निघाला तेव्हा मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित विशीच्या उंबरठ्यावर होते. आभाळाबद्दल मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने ज्यांच्या पायावर डोकं ठेवावं असे ते. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ १८९६ सालचा. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असं शतपथ ब्राह्मणात म्हटलं आहे. त्यावरून, म्हणजे कृत्तिका ठीक पूर्वेला कधी उगवत होत्या याचं गणित करून, त्यांनी त्या वचनाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षं ठरवला. त्या निष्कर्षावर आजही मतभेद आहेत. पण वेदवाङ्मयातलं एक वाक्य आणि आभाळातला एक गुच्छ यांची गाठ घालून काळ मोजता येईल हे ज्याच्या मनात आलं, त्या माणसाने आभाळ नुसतं वाचलेलं नव्हतं, बघितलेलं होतं. सामान्य वाचकासाठी त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिलं, त्याचं दुसरं नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’. दुर्बीण घेऊन बसणाऱ्याला याहून चांगलं निमंत्रण मिळणार नाही.

नातं नसून नातं वाटावं अशीही ठिकाणं आहेत. नवरात्रात, पाऊस ओसरल्यावर, अभिजित आणि श्रवण यांच्या मधे दुर्बीण फिरवली की अचानक एक कपड्यांचा हँगर समोर येतो. सहा तारे सरळ रेषेत आणि मधोमध चार ताऱ्यांचा आकडा. मी आभाळ दाखवायला नेलेल्या माणसांपैकी एकालाही तो बघून गप्प राहता आलेलं नाही. अल्-सूफी या पर्शियन खगोलज्ञाने दहाव्या शतकातच त्याची नोंद केली होती, आणि विसाव्या शतकात तो गुच्छ म्हणून सूचीतही गेला. हिपार्कोसने १९९० च्या दशकात अंतरं मोजली तेव्हा कळलं, या ताऱ्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कोणी काहीशे प्रकाशवर्षांवर, कोणी त्याच्या कितीतरी पलीकडे. आपल्या जागेवरून ते एका ओळीत येतात एवढंच. हे कळल्यावर हँगर मला अधिकच आवडू लागला. मिशेलचं गणित डोक्यात ठेवून त्याच्याकडे बघावं. पाच लाखांत एक म्हणजे कधीच नाही असं नव्हे, आभाळ फार मोठं आहे.

तसाच एक धडा हिवाळ्यात व्याधाच्या पूर्वेला मिळतो. तिथे दोन गुच्छ एकाच वर्तुळात शेजारी दिसतात. मेसिए या धूमकेतू शोधणाऱ्याच्या यादीतला ४७ क्रमांकाचा ठळक, सुट्या ताऱ्यांचा. आणि ४६ क्रमांकाचा, नजर तिरकी केल्यावरच जाणवणारा एक मऊ उजाळा. पहिला सुमारे १,६०० प्रकाशवर्षांवर, दुसरा त्याच्या तिपटीने दूर. ययाती आणि शर्मिष्ठा यांच्या मधल्या जोडगुच्छाचं मात्र तसं नाही. ते दोघे साडेसात हजार प्रकाशवर्षांवर खरोखरच एकमेकांचे शेजारी आहेत आणि वयानेही बरोबरीचे.

इथे मला ट्रम्पलरची आठवण येते. रॉबर्ट ट्रम्पलर, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला, कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत काम करणारा. तो गुच्छांची अंतरं दोन रीतींनी काढत होता. एकदा ताऱ्यांच्या तेजावरून, एकदा गुच्छ किती मोठा दिसतो त्यावरून. दोन्ही उत्तरं जुळेनात. तेजावरून काढलेली अंतरं खरी धरली तर गुच्छ जितका दूर तितका आकाराने मोठा, असं विचित्र काही मानावं लागत होतं. आपल्यापासून लांब आहेत म्हणून गुच्छ मोठे का असतील? १९३० साली त्याने उत्तर दिलं. ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नाही, तिथे धूळ आहे. ती दूरच्या गुच्छांचं तेज खाते आणि ते आहेत त्याहून दूर वाटतात. त्याआधी आकाशगंगेचे जे जे नकाशे काढले गेले होते ते सगळे त्यामुळे दुरुस्त करावे लागले. मोठा शोध लहानशा विसंगतीपाशी चिकाटीने थांबलेल्या माणसाला लागला, आणि तो गुच्छांनी लावून दिला, याचा मला फार आनंद वाटतो.

आपल्या शहरांवरची धूळ आणि उजेड यांच्याबद्दल मात्र संतापच येतो. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली तेव्हा शहरातून काय दिसत असेल! आज आकाशदर्शनासाठी शहर सोडून तास-दोन तास जावं लागतं, मुंबईची मंडळी वांगणीला जातात. गरजेपुरता, जमिनीकडे वळवलेला दिवा लावणं काही कठीण नाही. नागपूरच्या उत्तरेला पेंच व्याघ्र प्रकल्पात गावांतले दिवे तसे बदलले गेले आणि २०२४ च्या जानेवारीत पेंच हे भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. वाघासाठी राखलेल्या रानात ताऱ्यांनाही जागा मिळाली. हे गडांवर, सड्यांवर, माळांवर का होऊ नये?

सड्यांचं नाव मुद्दाम घेतलं. देवगडच्या बाजूला जांभ्याचे जे उघडे, सपाट सडे आहेत, तिथून दक्षिणेचं क्षितिज झाडाझुडपांविना खाली टेकलेलं दिसतं. एप्रिलात, रात्री साडेदहाच्या सुमारास, दक्षिणेला तोंड करून त्रिशंकू शोधावा आणि तिथून उजवीकडे साधारण मूठभर अंतर सरकावं. क्षितिजापासून पंधराएक अंशांवर एक लांबट, दाट गुच्छ येतो. एनजीसी ३५३२. उत्तरेतल्या कोणत्याही गुच्छाला तो हार जाणार नाही. शेकडो तारे, त्यात मधेमधे पिवळसर, आणि मागे आकाशगंगेचं भरलेलं आभाळ. हबल दुर्बिणीने १९९० च्या २० मे रोजी जो पहिला फोटो काढला तो याच गुच्छातल्या एका कोपऱ्याचा.

युरोपातून हा दिसत नाही. त्याची नोंद करायला निकोला लाकाय या फ्रेंच खगोलज्ञाला १७५१-५२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला जावं लागलं. तिथे त्याने जवळजवळ दहा हजार ताऱ्यांच्या जागा टिपल्या, आणि त्याच्या दुर्बिणीचं भिंग होतं अर्ध्या इंचाचं, आठपट मोठं दाखवणारं. आपल्या हातातल्या दुर्बिणीचं एकेक भिंग त्याच्या चौपट रुंद असतं. साधनं नाहीत म्हणणाऱ्यांना मी लाकायचं नाव सांगते. मेसिएची गोष्ट याच्या उलट बाजूची. पॅरिसमध्ये बसून धूमकेतू शोधणाऱ्या या माणसाने, धूमकेतू म्हणून फसवणाऱ्या डागांची यादी केली. तिच्यातला सर्वांत दक्षिणेचा म्हणजे सातवा, वृश्चिकाच्या नांगीजवळचा गुच्छ. दुसऱ्या शतकात टॉलेमीने नोंदलेला. पॅरिसच्या क्षितिजावर तो जेमतेम सहा अंश वर येतो. आपल्याकडे छत्तीस-सदतीस. मे महिन्यात मध्यरात्र उलटल्यावर मूळ नक्षत्राच्या शेजारी तो नुसत्या डोळ्यांनाही दिसतो, आणि दुर्बिणीत त्याच वर्तुळाच्या कडेला सहावा क्रमांकही येतो, त्यातला एक तारा स्पष्ट नारिंगी. महाराष्ट्राच्या अक्षांशावरून उत्तरेचा जोडगुच्छही दिसतो आणि दक्षिणेचा ३५३२ ही. मेसिए आणि लाकाय या दोघांच्या वाट्याला मिळून जे आलं, ते आपल्याला घराजवळ मिळतं, आणि तरी आपल्याकडची फार थोडी माणसं ते बघतात.

सह्याद्रीतल्या गडावर मुक्काम असला की मी कातळावर पाठ टेकते. त्या दगडाचं वय साधारण साडेसहा कोटी वर्षं, लाव्हाचे थर एकावर एक चढत गेले तेव्हाचं. मग वर एकेका गुच्छाची त्या कातळाशी तुलना सुरू होते. कृत्तिका दगडाहून जुन्या, पण दुपटीच्या आतबाहेर. ययातीतल्या ठळक ताऱ्याभोवतीचा विस्तीर्ण गुच्छ, दुर्बिणीसाठीच घडवल्यासारखा, जवळजवळ कातळाच्याच वयाचा. जोडगुच्छ दीडेक कोटी वर्षांचा, म्हणजे तो उजळला तेव्हा सह्याद्रीत दऱ्या कोरण्याचं काम बरंच पुढे गेलेलं. पुष्य साठ-सत्तर कोटींचं. आणि पुष्याच्याच थोडं दक्षिणेला मेसिएचा ६७ क्रमांक, दुर्बिणीत एक मंद ठिपका, वय सुमारे चारशे कोटी वर्षं. एवढा टिकलेला खुला गुच्छ दुर्मीळ. आकाशगंगेच्या गर्दीच्या पातळीपासून तो बराच वर आहे, म्हणून वायुमेघांच्या तडाख्यातून वाचला असावा असं मानतात.

सूर्यही साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी अशाच एखाद्या गुच्छात जन्मला असं बहुतेक खगोलज्ञ मानतात. ६७ क्रमांकाचं आणि त्याचं वय, घडण बरीच जुळते, म्हणून तेच सूर्याचं माहेर असेल का, हेही तपासून झालं. तिथून इथवर येण्याचा मार्ग गणितात नीट बसत नाही. सूर्याची भावंडं असलीच तर ती केव्हाच पांगली. तरी त्यांचा शोध चालू आहे. एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांत बेरियम, इट्रियम अशा मूलद्रव्यांचं प्रमाण सारखं असायला हवं, आणि त्यांची वाट मागे मागे नेली तर ती एका जागी मिळायला हवी. २०१४ साली टेक्सास विद्यापीठातल्या इव्हान रामिरेझ यांच्या गटाने अशा तीस ताऱ्यांची छाननी करून एकावर बोट ठेवलं. एचडी १६२८२६. शौरी तारकासमूहात, अभिजितपासून फार दूर नाही, ११० प्रकाशवर्षांवर. सूर्यापेक्षा थोडा जड, थोडा अधिक तापलेला. नुसत्या डोळ्यांच्या मर्यादेच्या किंचित पलीकडचा, म्हणून दुर्बिणीत सहज.

दर नवरात्रात, वायव्येला अभिजित उतरायच्या आत, सोबत असतील त्यांना मी तो दाखवते. नकाशा मांडीवर धरून, लाल उजेडात, शेजारच्या ताऱ्यांवरून पायरी पायरीने जावं लागतं, कारण त्याच्यात उठून दिसण्यासारखं काही नाही. बघणारा पुन्हा पुन्हा विचारतो, नक्की हाच का? मग दुसरा प्रश्न येतो तो बाकीच्या भावंडांचा. ती संख्येने किती होती यावर एकमत नाही, हजारांत असावीत. गाया उपग्रहाने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांच्या जागा आणि गती टिपल्या आहेत आणि त्या ढिगातून एकेक वाट मागे नेऊन बघण्याचं काम चालू आहे. २०१४ नंतर आणखी काही नावं पुढे आली, त्यातली काही बादही झाली. या एका ताऱ्याचा दावा तरी टिकतो का, याकडे माझं लक्ष आहे.